१९११ चा ‘डुक्कर छाप’ रुपया: आधी प्रतवारी, मग किंमत

पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या चांदीच्या रुपयाचे छायाचित्र दाखवून ‘याचे किती येतील?’ असे विचारणारे परिचित मला नेहमी भेटतात. त्याची कथा बहुतेकांना ठाऊक असते. राजाच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या बहुमानाची साखळी कोरलेली आहे आणि तिच्यात एक हत्ती आहे. त्या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला, मुस्लिम समाजात नाराजी पसरली आणि सरकारने नाणे मागे घेऊन १९१२ पासून ठळक सोंडेचा हत्ती कोरला. कलकत्ता आणि मुंबई येथील टांकसाळींत मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले, त्यांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर पडले आणि उरलेले वितळवले गेले, असे आकडे संग्राहकांमध्ये सर्रास सांगितले जातात. मात्र ७ लाख ही संख्या अतिदुर्मीळ म्हणण्याइतकी लहान नव्हे, हे कथा सांगणारा सहसा सांगत नाही. शिवाय कथा प्रत्येक नगाची सारखीच असते. एका नगाला दुसऱ्यापेक्षा जास्त मोल मिळते ते त्याच्या अवस्थेमुळे. म्हणून प्रतवारी, म्हणजे नाण्याच्या अवस्थेनुसार त्याचा दर्जा ठरवणे, आधी करावी आणि ती कागदावर लिहून होईपर्यंत किमतीचा एकही आकडा पाहू नये, असा माझा आग्रह असतो. एकदा मोठा आकडा डोळ्यांत भरला, की झिजून सपाट झालेला कानही ठसठशीत दिसू लागतो.

प्रतवारीच्याही आधी खरेपणा तपासावा लागतो. हा रुपया तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी आहे. बाजारात फिरलेल्या नाण्याचे वजन किंचित कमी भरणे स्वाभाविक असले, तरी ते दहा ग्रॅमच्या घरात गेले तर पुढची मेहनत घेण्याचे कारण उरत नाही. नाणे चुंबकाला चिकटता कामा नये आणि पाण्यात तोलून काढलेली घनता पाण्याच्या १०.३ पटींच्या आसपास यावी. ओतीव नकलेच्या कडेवर बऱ्याचदा साच्याची शिवण सापडते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. रुपया फरशीवर टाकून खणखणीत वाजतो का हे पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यात नाण्याची कड दबते.

आता मुख्य काम. नाणे बोटांनी कडेवर धरून एकाच दिव्याखाली सावकाश कलते करावे आणि आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दहापट भिंगातून पाहावे. झीज नेहमी उंच भागांपासून सुरू होते: मुकुटावरची नक्षी, भुवई, कान, मिशी आणि झग्यावरचे बारीक काम. कधीही न फिरलेल्या नाण्यावर टांकसाळीची मूळ चमक असते आणि नाणे हलवले की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. एखादा भाग अस्पष्ट दिसतो, पण त्यावरही ही चमक अखंड आहे, असे असेल तर तो दोष कमजोर ठशाचा, म्हणजे नाणे पाडतानाच नक्षी नीट न उमटल्याचा. चमक तेवढ्याच जागी मेली असेल, तर ती झीज. या एका भेदावर ‘एक्स्ट्रा फाईन’ (थोडेसेच झिजलेले) आणि ‘अनसर्क्युलेटेड’ (कधीही न फिरलेले) या प्रतींमधली सीमा ठरते आणि किमतीतली सर्वांत मोठी उडीही तिथेच असते. ‘फाईन’ या बऱ्याच झिजलेल्या प्रतीपर्यंत उतरलेल्या नाण्यावर तर हत्ती आणि डुक्कर हा वादच मिटलेला असतो, कारण दोघेही दिसत नाहीत.

आपल्याकडच्या घरांतून निघणाऱ्या रुपयांना दोन व्याधी हमखास असतात. पहिली स्वच्छतेची. देवघरातला रुपया दर लक्ष्मीपूजनाला चिंच-मीठ किंवा राखेने घासला जातो. तो आरशासारखा लखलखतो खरा, पण भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या शेकडो रेषा दिसतात आणि मूळ चमक कायमची गेलेली असते. त्याउलट वर्षानुवर्षे आपसूक चढलेला काळसर किंवा निळसर थर हा दोष नव्हे. तो काढू नये. दुसरी व्याधी दागिन्याची. माळेत ओवण्यासाठी लावलेली कडी नंतर काढली, तरी नाण्याच्या वरच्या टोकाला, घड्याळात बारा असतात तिथे, डाक (झाळ) लावल्याचा डाग राहतो आणि कडेवरच्या रेघा तेवढ्याच जागी भरलेल्या दिसतात. अशा नाण्याची बाकीची अवस्था कितीही चांगली असो, त्याच्या वर्णनात दोषाचा उल्लेख आलाच पाहिजे.

प्रत अंकांत सांगण्यासाठी सध्या वापरात असलेली १ ते ७० अंकांची मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. गंमत अशी, की तिचे मूळ किमतीतच होते: सर्वोत्तम नाणे अत्यंत झिजलेल्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा तो हिशेब होता. तो हिशेब कधीच मोडला, अंक तेवढे उरले.

किंमत ठरवताना तळाची मर्यादा चांदीची असते: ११.६६ ग्रॅममध्ये सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. त्यावरचा भाव पाहण्यासाठी त्याच टांकसाळीच्या आणि त्याच प्रतीच्या नाण्यांना अलीकडच्या अनेक लिलावांत प्रत्यक्ष मिळालेल्या रकमा पाहाव्यात. टांकसाळ ओळखायची खूण अशी, की मुंबईच्या नाण्यावर मागील बाजूस तळाच्या कमळाखाली बारीक टिंब असते. कोणी संकेतस्थळावर लाख रुपये मागितले म्हणून नाणे लाखाचे होत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारात शुल्क किंवा कर मागणाऱ्या भामट्यांविषयी त्या बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता, हेही लक्षात असावे.

शंभर वर्षे ओलांडलेले हे नाणे १९७२ च्या पुरावशेष (प्राचीन वस्तू) कायद्याच्या कक्षेत येते. असे नाणे खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. त्यामुळे अमेरिकेतील प्रतवारी कंपनीचे सीलबंद प्रमाणपत्र हवे, म्हणून रुपया परस्पर टपालात टाकण्याचा विचार कोणी करू नये. आपण लिहिलेली प्रत, वजन आणि दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घेऊन देशातल्याच दोन परवानाधारक लिलावगृहांचे अंदाज मागवावेत आणि ते वेगवेगळे आले, तर कारण विचारावे.