पुण्यात घर, सहारला बेस: कार्गोवाल्यांसाठी एका फेरीचा वृत्तांत

बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ, मुंबईत सहारला आणि घर पुण्यात, मग अप-डाऊन करायचं की सरळ विमानतळाजवळ मरोळला खोली घ्यायची, हे कार्गो विमानांवर नवीन आलेला प्रत्येक पायलट विचारतो आणि उत्तर देणारे बहुतेक पॅसेंजरवाले असतात, त्यांचं गणित वेगळं. आमच्याकडे दिवसभर गोळा झालेलं पार्सल रात्री उडतं, कारण सकाळी ते वाटपाला निघायला हवं. म्हणून या पावसाळ्यातली एक फेरी जशी झाली तशी लिहिते, जाताना गाडीने आणि येताना ट्रेनने, म्हणजे दोन्हीचा अंदाज येईल.

रिपोर्टिंग रात्री साडेबाराचं होतं. कोथरूडहून पाचला निघाले तर आई म्हणे एवढ्या लवकर कशाला, दीडशे किलोमीटर तर आहे. वाकडपर्यंतच पाऊण तास गेला. पुढे उर्से टोल, लोणावळ्याला धुकं, आणि खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर मधल्या लेनला बंद पडलेला, त्याच्यामागे ट्रक तिन्ही लेनमध्ये पसरलेले, लेनची शिस्त वगैरे विसरा. घाट उतरून खालापूर टोलला आले तेव्हा अंधार पडला होता. मग कळंबोली, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूरवरून लिंक रोडने वाकोला आणि हायवेला लागून सहार. पहिल्यांदा येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, सहारचा उन्नत रस्ता तुम्हाला थेट टी-टूला, म्हणजे प्रवाशांच्या टर्मिनलला, नेऊन सोडतो, कार्गोकडे जायचं तर खालचाच रस्ता धरायचा, आणि तिथे रात्री ट्रकांची रांग असते, त्यासाठी वीस मिनिटं वेगळी धरा. मी पोचले पावणेदहाला. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि हा काही वाईट दिवस नव्हता.

जाणं कसंही जमतं हो. दुपारी झोप काढलेली असते, अंगात उत्साह असतो. खरा प्रश्न परतीचा आहे. रात्री दोन ते सकाळी सहा हा काळ विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या ड्युटीच्या नियमांमध्येच शरीर सगळ्यात मंद असण्याचा काळ म्हणून धरलाय आणि आमचं लँडिंग नेमकं त्याच्या शेपटाला. त्या दिवशी कागदपत्रं उरकून बाहेर पडले तेव्हा सात वाजले होते, आणि तशाच डोळ्यांनी घाट चढायचा? विमानात निदान शेजारी दुसरा पायलट असतो, गाडीत कोण असतं. ड्युटीचे तास कंपनी मोजते, पण घरी जातानाच्या डुलक्या कोणी मोजत नाही. युरोपच्या नियमांसोबतच्या मार्गदर्शनात सांगितलंय की घर ते बेस एरवी नव्वद मिनिटांच्या वर लागत असेल तर बेसजवळ तात्पुरत्या राहण्याचा विचार करा. पुणे ते सहार नव्वद मिनिटांत फक्त हेलिकॉप्टरने.

अमेरिकेचं उदाहरण हमखास दिलं जातं, की तिकडे मेम्फिस नाहीतर लुईव्हिल या कार्गोच्या मोठ्या अड्ड्यांचा बेस असलेले लोक दुसऱ्या राज्यात राहून जंपसीटवर, म्हणजे विमानातल्या क्रूसाठीच्या जादा सीटवर, बसून कामावर येतात. येतात, खरंय. पण फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून 50 माणसं गेली त्याचा रिपोर्ट वाचा, त्यातली फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मेम्फिसमार्गे कार्गो विमानांतूनच बेसला, नेवार्कला, आली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनने स्टिक शेकरला, म्हणजे वेग धोक्याइतका कमी झाल्याचा इशारा म्हणून कंट्रोल हादरवणाऱ्या यंत्रणेला, दिलेला चुकीचा प्रतिसाद हे होतं, पण थकवा आणि लांबून येणं यावर चौकशीत भरपूर चर्चा झाली. त्यानंतर विश्रांतीचे नवे नियम 2014 पासून लागू झाले आणि त्यातून कार्गोला वगळलं! बॉक्सेसना झोप आली तर चालतं बहुधा. असो. आपल्याकडे जंपसीटची सोय गृहीत धरून घर ठरवू नका एवढंच.

तर सातला मी रिक्षा केली आणि मरोळच्या खोलीवर गेले. तिघींनी मिळून टू-बीएचके घेतलाय, तिघीही रात्रीच्याच. खिडक्यांना आतून काळा चार्टपेपर, त्यावर जाड पडदे, दारावर पाटी की दिवसा झोपलेले असतो, बेल वाजवू नका, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हींत. तरी कचरेवाला रोज बेल वाजवतोच, शेवटी बेलची वायरच काढली.

खोली शोधताना जेबी नगर, चकाला, मरोळ, मिलिटरी रोड बघा. अंधेरी पश्चिमेला स्वस्त मिळालं तरी नको, पावसात अंधेरी सबवे भरला की पूर्वेला यायला वळसा आणि ट्रॅफिक दोन्ही. कुर्ला-घाटकोपरच्या काही भागात लँडिंगची विमानं थेट डोक्यावरून जातात, दिवसा झोपणाऱ्याचे तिथे हाल. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, महिन्याभराचं भाडं ब्रोकरला, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद हे सगळं आलंच. मुलींनो, सोसायटी विचारणार की रात्री बाराला युनिफॉर्ममध्ये कुठे जाता, तेव्हा कंपनीचं पत्र पहिल्याच मीटिंगला सेक्रेटरीकाकांच्या हातात द्या, नंतर वाद घालत बसू नका. आणि वरच्या मजल्यावर रिनोव्हेशन चालू नाही ना हे ॲडव्हान्स देण्याआधी स्वतः जाऊन बघा, ड्रिलिंगपुढे काळा कागद काही करत नाही.

दुपारी दोनपर्यंत झोपले. मरोळ नाक्यावरून मेट्रोची ॲक्वा लाइन पकडली की थेट सीएसएमटी, गाडी बदलायची भानगड नाही. पाच दहाची डेक्कन क्वीन, डायनिंग कारमधलं कटलेट, आणि साडेआठच्या आसपास पुणे. जाताना पण हीच सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते, साडेदहापर्यंत मुंबईत, दुपारी खोलीवर झोपून रात्री ड्युटीला ताजं. कार्गोवाल्यांसाठीच टाइमटेबल केल्यासारखं आहे, फक्त रिझर्व्हेशन रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, आल्या दिवशीच करा.

माझा हिशेब सरळ आहे, ड्युट्या सलग लागल्या की मुंबईतच राहायचं आणि मोठी सुट्टी असेल तेव्हाच पुणं. एका दिवसाच्या सुट्टीत घरी धावायचं नाही, आई कितीही म्हणाली तरी. स्टँडबायला तर मरोळ सोडायचंच नाही, फोन आल्यावर पुण्याहून निघून कोणीही वेळेत पोचत नाही. पावसाळ्यात ऑरेंज अलर्ट दिसला की आदल्या दिवशीच निघा. दरड पडली तर एक्सप्रेसवे आणि रेल्वे दोन्ही एकाच डोंगरातून जातात, तिसरा पर्याय शोधत बसाल.

नवी मुंबई विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालाय, उद्या एखाद्या कंपनीने बेस तिकडे हलवला तर पनवेल, उलवे बघावं लागेल, आणि पुणेकरांचा मानखुर्द-चेंबूरचा सगळा ताप वाचेल. घाट मात्र तोच. सध्या तरी आमच्या मरोळच्या खोलीत दिवाळीनंतर एक बेड रिकामा होतोय, रात्रीची ड्युटी असलेली मुलगी हवी, घोरणारी नको.