डायलिसिसच्या मशीनआधी पाण्याचा हिशेब

रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रांची मागणी जगभर वाढते आहे. मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण वाढले, तशी निकामी मूत्रपिंडंही वाढली. आपल्याकडे २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, त्यातच डायलिसिस यंत्राच्या काही भागांवरची सीमाशुल्काची सूट आली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं उघडली. आता पुढची लाट हिमोडायफिल्ट्रेशनच्या मशीनची आहे, म्हणजे डायलिसिससोबतच रक्तातून बराच द्रव गाळून काढून त्याजागी ताजा द्रव घालायचा. २०२३ च्या 'कन्व्हिन्स' चाचणीत १३६० रुग्णांपैकी ही पद्धत मिळालेल्यांतले १७.३ टक्के दगावले, नेहमीच्या डायलिसिसवरचे २१.९ टक्के. विक्रेते हे आकडे आवर्जून दाखवतात, आणि ते खरेही आहेत.

पण केंद्राची कोटेशनं पाहा. मशीनच्या वर्णनाला तीन पानं, आणि पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट एका ओळीत, 'एक नग'. सगळी गफलत इथे होते.

साध्या डायलिसिसमध्ये या पाण्यापासून बनवलेलं द्रावण मिनिटाला ५०० मिलिलिटर वाहतं. चार तासांत १२० लिटर. आठवड्याला तीन वेळा केलं तर ३६० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तासमोरून जातं, मधे फक्त पातळ पडदा. आपण पितो त्या पाण्याला आतडं आणि मूत्रपिंड गाळतात, इथे तसं काहीच नाही. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरातल्या एका केंद्रात शेवाळाचं विष पाण्यातून रुग्णांच्या रक्तात गेलं आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. मशीनचा त्यात दोष नव्हता.

सगळ्यांत जास्त चुका कार्बनच्या टाक्यांत होतात. क्लोरीन आणि क्लोरामाइन अडवायचं काम त्यांचं. आरओचा पडदा क्लोरामाइन नीट अडवत नाही, म्हणून कार्बनला पर्याय नाही. टाक्या दोन, एकामागे एक, आणि प्रत्येकीत पाणी निदान पाच मिनिटं राहायला हवं. हिशेब सोपा आहे. समजा, प्लांट ताशी ५०० लिटर शुद्ध पाणी देतो आणि निम्मं पाणी रिजेक्ट म्हणून बाहेर जातं. म्हणजे कार्बनमधून ताशी १००० लिटर, मिनिटाला साधारण १७ लिटर जाणार. पाच मिनिटांसाठी प्रत्येक टाकीत ८५ लिटर कार्बन लागतो. अनेकदा हा हिशेब ५०० वरच मांडला जातो आणि टाकी निम्म्या मापाची येते. उन्हाळ्यात काही जाणवत नाही. पावसाळ्यात नगरपालिका क्लोरीनचा डोस वाढवते, नदीच्या पाण्यात अमोनिया असला की पाइपातच क्लोरामाइन तयार होतं, आणि मग रुग्णांचं हिमोग्लोबिन घसरू लागतं. तांबड्या पेशी फुटत असतात आणि डॉक्टर रक्तवाढीच्या इंजेक्शनचा डोस वाढवत बसतात.

तपासणी रोज, पहिला रुग्ण जोडण्याआधी. प्लांट १५-२० मिनिटं चालवून पहिल्या टाकीनंतरच्या नळातून नमुना घ्यायचा. एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवं. डीपीडी या क्लोरीन तपासायच्या रसायनाची पहिली गोळी फक्त मुक्त क्लोरीन दाखवते, क्लोरामाइन नाही. 'टोटल'चं रिएजंट वेगळं असतं, तेच मागवा. पहिल्या टाकीनंतर आकडा चढला तर लगेच दुसरीनंतर तपासा. तिथेही चढला असेल तर डायलिसिस थांबवायचं, यात दुसरा विचार नाही.

सॉफ्टनरची, म्हणजे पाण्याचं काठिण्य काढणाऱ्या टाकीची, तपासणी मात्र उलट, दिवसाच्या शेवटी. सकाळी तो रात्रभरात मिठाने ताजा झालेला असतो, तेव्हा तो पास होणारच. त्यातले क्षार धरणारे दाणे, म्हणजे रेझिन, १०० लिटर असतील तर साधारण ५ किलो चुनखडीइतका क्षार धरतं. पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम काठिण्य असेल तर १०,००० लिटरनंतर ते भरलं. बोअर आटून टँकर सुरू झाला आणि काठिण्य १००० वर गेलं, तर ५,००० लिटरलाच. टायमर मात्र जुन्याच हिशेबावर राहतो. मग आरओच्या पडद्यावर क्षार बसतात आणि त्याची पकड सैल होते.

यवतमाळ-चंद्रपूरच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं. डायलिसिसच्या पाण्यात ते ०.२ मिलिग्रॅमवर चालत नाही. कच्च्या पाण्यात ३ मिलिग्रॅम असेल आणि पडदा ९० टक्केच अडवत असेल, तर ०.३ उरतं. पाण्यातले एकूण क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर हे कळत नाही, वेगळी रासायनिक तपासणीच करावी लागते. थंडीचंही लक्षात ठेवा. पाण्याचं तापमान एक अंशाने उतरलं की पडद्याचं उत्पादन सुमारे ३ टक्क्यांनी कमी होतं. मे महिन्यातल्या चाचणीवर प्लांटचं माप ठरवलं, तर डिसेंबरच्या सकाळी सगळी मशीन एकदम चालत नाहीत.

आता पुन्हा हिमोडायफिल्ट्रेशन. 'कन्व्हिन्स'चा फायदा प्रत्येक वेळी किमान २३ लिटर द्रव रक्तातून गाळून काढण्याच्या लक्ष्यावर मिळाला. तेवढा काढला की जवळजवळ तेवढाच रक्तात परत घालावा लागतो, आणि तो मशीन याच पाण्यातून जागेवर तयार करतं. इथे पडदा मधे नाही. साध्या डायलिसिसच्या पाण्याला मिलिलिटरमागे १०० जिवाणूंची मर्यादा आहे, अतिशुद्ध द्रावणाला ०.१. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, मिलिलिटरमागे ०.२५ युनिटवरून ०.०३ वर. मशीनवरचे अल्ट्राफिल्टर हे काम करतात, पण ठरल्या तासांनंतर बदलले तरच. त्यांची किंमत कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.

शुद्ध पाणी मशीनपर्यंत फिरवणाऱ्या पाइपाच्या फेरीत बंद टोकं नकोत. भिंतीपासून मशीनपर्यंतची नळीही निर्जंतुक करायला हवी. ती बहुतेक ठिकाणी विसरली जाते आणि तिथेच बुरशीसारखा थर धरतो.

कल्चर, म्हणजे पाण्यातले जिवाणू वाढवून मोजण्याची तपासणी, दर महिन्याला, नमुना फेरीच्या परतीच्या टोकाकडून आणि आळीपाळीने मशीनमधून. पाण्यातले जिवाणू सावकाश वाढतात. ब्लड अगार या नेहमीच्या माध्यमावर ३७ अंशांना दोन दिवस ठेवून 'वाढ नाही' असा अहवाल देणारी लॅब उपयोगाची नाही. आर२ए माध्यम, १७ ते २३ अंश, सात दिवस, हे करतात का ते आधी विचारा आणि मगच बाटल्या पाठवा.