अनामिकेची अर्धी बाजू

बुधवार, पहाटे

आज परत जाग आली ती उजव्या हातामुळेच. आधी मुंग्या, मग मनगटापासून कोपरापर्यंत चढणारा ठणका. पलंगाच्या कडेला बसून हात खाली सोडला आणि झटकत राहिले. झटकलं की बरं वाटतं, हा माझाच शोध असं मला वाटायचं. पण काल डॉक्टरांनी मी तोंड उघडायच्या आत विचारलं, ‘रात्री उठून हात झटकता का?’ दुखण्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे मनगटात नस दाबली जाणं.

त्यांचा दुसरा प्रश्न, करंगळी बधिर होते का? मी ‘अख्खा हात’ म्हणून मोकळी झाले होते. त्यांनी डोळे मिटायला लावून कापसाने एकेक बोट तपासलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बोथट. करंगळी ठणठणीत. आणि अनामिका चक्क निम्मी निम्मी: मधल्या बोटाकडची बाजू मुकी, करंगळीकडची जागी. करंगळीची नस वेगळ्या वाटेने येते, म्हणून ती सुटली. ‘मानेत गॅप असेल’ म्हणणाऱ्या सगळ्यांना ती अनामिका दाखवावीशी वाटतेय.

मनगटात खाली हाडांची कमान, वर जाड पट्टा आणि मधल्या बोळातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) जातात. त्यांच्यातच मीडियन नर्व्ह, अंगठ्यापासून निम्म्या अनामिकेपर्यंतची संवेदना नेणारी नस. आत जरा सूज आली की चेपली जाते ती नस. झोपेत मनगट दुमडलं जातं, बोळातला दाब वाढतो, म्हणून हा रात्रीचा छळ. दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून, मनगटं दुमडून मिनिटभर धरायला सांगितलं होतं. मिनिट संपायच्या आतच मुंग्या सुरू.

संगणकामुळेच झालं असणार, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. डॉक्टरांना मात्र थायरॉईड आणि साखर तपासायची घाई जास्त.

रात्र

दुखण्यापेक्षा बधिरपणा जास्त छळतो, हे कुणाला पटत नाही. दुखतं म्हटलं की लोक हळहळतात, बधिर म्हटलं की ‘मग बरंय की, दुखत तरी नाही’! पर्समध्ये हात घालून किल्ली काढायची तर आता आत डोकवावं लागतं. कापड, नाणं, किल्ली सगळं बोटांना सारखंच. गळ्याजवळचं बटण आरशाशिवाय लागत नाही. कप हातातून निसटतो, कारण किती घट्ट धरलाय हेच कळत नाही. बोटं इतकी वर्षं न बघता केवढं काम करत होती! आता ते सगळं डोळ्यांवर आलंय, आणि संध्याकाळपर्यंत डोळेच थकतात.

झोपताना मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट दिलाय. काही आठवडे तो, मग गरज पडली तर इंजेक्शन. अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागला, म्हणजे तिथला स्नायू झिजायला लागला, तर मात्र थांबायचं नाही, ऑपरेशन करून तो वरचा पट्टा कापायचा. तेव्हापासून दोन्ही तळहात शेजारी धरून उंचवटे ताडून बघायचा नाद लागलाय मला. आज तरी सारखे दिसले.

स्प्लिंट अवजड आहे आणि पांघरूण ओढताना अडकतो, पण घालणार. पुढच्या भेटीत डाव्या हाताचंही विचारायचंय. दुपारी फोन धरलेला असताना त्याच्याही मधल्या बोटाला मुंग्या आल्या.