घरकामगार संघटनेची सभासद झाले तेव्हा

मी भांडी, कपडे, लादी अशी चार घरची कामं करते. संघटनेत यायला फार काही लागलं नाही. फॉर्म, फोटो, वर्गणी, लगेच पावती. पेन अडलं ते एका रकान्यापाशी: कोणकोणत्या घरी काम करता? मालकिणीला कळलं तर काम जाईल, ही धास्ती सगळ्याजणींनाच होती. संघटनेच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही सांगेपर्यंत आमच्याकडून कुणाला फोन जाणार नाही." तेव्हा कुठे मी पत्ते लिहिले.

कारखान्यातले कामगार एका फाटकातून आत जातात, सुटी झाली की तिथेच जमतात. आमचं प्रत्येक घर वेगळं, मालक वेगळा, दार बंद. म्हणून आमच्या बैठका दोन कामांच्या मधल्या वेळात, जिन्याखाली नाहीतर बसथांब्यावर. मालकाच्या घरीच राहणाऱ्या बायांना तेवढंही जमत नाही. त्यांच्यापर्यंत पोचणं अजून आम्हाला नीट साधलेलं नाही, आणि खरी गरज त्यांनाच जास्त आहे.

पहिली मागणी कोणती, यावर खूप वाद झाला. पगार प्रत्येकीचा निराळा, त्यामुळे पगारावर एकमत होईना. आठवड्याची सुट्टी मात्र कुणालाच नव्हती. तीच धरली. ताईंनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार वाचून दाखवला. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात तो मंजूर झाला. त्यात घरकामगारांना आठवड्यातून किमान सलग २४ तास विश्रांती आणि संघटना करण्याचा हक्क लिहिला आहे. ज्या देशानं त्याला मान्यता दिली नाही, तिथे मालकावर तो बंधनकारक होत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. तरी आपण मागतोय ते जगानं रास्त मानलंय, एवढं कळल्यावर मालकिणीसमोर बोलताना माझा आवाज कापला नाही.

सगळ्या घरी एकाच दिवशी, संघटनेच्या नावानं एकच पत्र गेलं. त्याआधी आम्ही एकमेकींना शब्द दिला होता: एकीला काढलं तर तिचं काम दुसरीनं धरायचं नाही. आणि तसंच झालं. एकीला काढलं, तिचं काम आमच्यातल्याच दुसरीला विचारलं गेलं. हिच्या डोक्यावर कर्ज होतं. तरी ती नाही म्हणाली. तिच्या त्या नकाराशिवाय आमच्या पत्राला कुणी विचारलं नसतं, असं मला आजही वाटतं. काढलेलीला नवं काम मिळेपर्यंत आम्ही वर्गणीतून मदत केली.

माझ्या तीन घरांनी सुट्टी मान्य केली, चौथ्यानं पगार कापून. आता तो कापलेला पगार आणि कामाच्या अटींचा लेखी कागद, या दोन्हींसाठी बोलणी चालू आहेत. कागदावर सही करायला सध्या एकच घर तयार आहे.