ओजेटी कुठे करू विचारणाऱ्यांसाठी

एमए सोशिओलॉजीच्या पहिल्या वर्षाची पोरं सध्या इनबॉक्समध्ये एकच विचारतायत, ताई ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातली इंटर्नशिप) कुठे करू. ४ क्रेडिट, १२० तास. निम्म्यांना काकांच्या ऑफिसात बसून सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट हवंय, ते खुशाल घ्या, पण मग विषय कुठला शिकलात ते कुणाला सांगू नका.

माझं मत विचाराल तर वृद्धाश्रम नाहीतर कच्च्या कैद्यांसोबत (म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही) काम करणारी संस्था गाठा. टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) 'प्रयास' प्रकल्प तर १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय. दोन्हीकडे खरं काम म्हणजे कागद. मी वृद्धाश्रमात प्रश्नावली घेऊन गेले, आजी-आजोबांना हवा होता तहसीलला पळणारा माणूस. श्रावणबाळ या म्हातारपणाच्या पेन्शन योजनेला वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत (२१ हजारात वर्ष कोण काढतं देव जाणे), मिळतात महिन्याला दीड हजार, तेही आधार जोडलेल्या खात्यात. आमच्या एक आजी जन्मभर बांधकामावर, अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या. आधारचा ऑपरेटर म्हणतो अंगठा नीट दाबा, त्या इतकं दाबतात की नख पांढरं पडतं, मग पदराला पुसतात, केसांचं तेल लावून बघतात, मशीन लालच. शेवटी डोळ्याच्या स्कॅनवर जमलं, मोतीबिंदू नव्हता म्हणून बरं.

मैत्रीण कैद्यांच्या बाजूला होती. तिथे जामीन मंजूर होऊनही माणूस आतच, कारण जामीनदार नाही, आणि जामीनदाराकडे ऐपतीचा दाखला (तेवढी मालमत्ता असल्याचा सरकारी कागद) नाही. नातेवाईक फोन कट करतात, ही परत लावते. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन मिळून ७ दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) कळवायचं, आणि नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की जामिनावर सोडायची तरतूद आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे किंवा एकाहून जास्त केसेस असतील तर नाही). म्हणजे कुणीतरी वही घेऊन तारखा मोजत बसायला हवं, ते काम इंटर्नचं.

जेलची परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो, म्हणून कॉलेजचं पत्र आत्ताच टाका. वृद्धाश्रम घेतलात तर सेतूत (दाखले देणारं सरकारी केंद्र) सकाळीच जा, जेवणानंतर सर्व्हर डाऊन असतो.