तुम्ही विचारलंत म्हणून: संगणकात अक्षरे असताना फॉन्ट विकत कशासाठी?

फोंड्यात मी जत्रांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि अधूनमधून एखादा कवितासंग्रह यांची अक्षरजुळणी करतो. बिल पाहून दर मोसमात कोणी ना कोणी विचारतोच, की संगणकात मराठी अक्षरे असतातच, मग फाउंड्रीच्या, म्हणजे अक्षरे घडवून विकणाऱ्या संस्थेच्या, फॉन्टचे पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण समोर गिऱ्हाइके खोळंबलेली असताना त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितो.

संगणकातली अक्षरेही फुकट आलेली नसतात. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. विंडोज ७ मधले ‘कोकिळा’ आणि ‘उत्साह’ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, विंडोज ८ पासूनचा ‘निर्मला यूआय’ कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सचा आणि ॲपलच्या यंत्रांवरचा ‘कोहिनूर’ अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. म्हणजे तोही फाउंड्रीचाच माल. फक्त काय हवे ते सांगणारे गिऱ्हाईक निराळे. ‘निर्मला’ला अनेक भारतीय लिप्या सांभाळून पडद्यावरच्या मेनूच्या आखूड ओळीत बसायचे असते. ते काम तो चोख करतो, आणि पत्रे किंवा अर्ज मी स्वतः त्यातच लिहितो.

मात्र छापील मराठी पानाची गरज वेगळी आहे. आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही तीच वळणे प्रमाण मानली आहेत. हिंदीतला ल दंडाचा आणि श गाठीचा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला संकेत ठरवून देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन्ही वळणांना संकेत एकच असल्यामुळे कोणते वळण दिसावे हे फॉन्ट घडवणाराच ठरवतो. चांगली फाउंड्री दोन्ही वळणे घडवते आणि मजकूर मराठी आहे असे नोंदवले की मराठी वळण आपोआप उमटेल अशी सोय करते.

ऱ्याची गोष्ट तर माझ्या अंगाशी आली होती. एका स्मरणिकेची फाइल मी फॉन्ट न जोडताच एका छापखान्यात पाठवली. तिथल्या यंत्राने हाताशी होता तो फॉन्ट लावला, आणि त्यात मराठीचा हा आडवा, चंद्रकोरीसारखा र घडवलेलाच नव्हता. आभाराच्या पानावर ‘महाप्रसाद करणाऱ्या आचाऱ्यांचे’ या शब्दांत दोन्ही ठिकाणी खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला, पाय मोडलेला र आणि त्याच्या शेजारी सुटा या, असे छापून आले. रफार देऊन ‘आचार्यांचे’ केले असते तर आभार स्वयंपाक्यांऐवजी गुरुजनांचे झाले असते. सगळ्या प्रती वाटून झाल्यावर ते माझ्या लक्षात आले आणि आजही ते पान मला उघडवत नाही.

ॲ ची कथा जवळपास अशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत ॲग्नेलो किंवा ॲंथनी लिहिले की नावाच्या सुरुवातीला रिकामा चौकोन दिसे. ज्या गावात निम्म्या पत्रिकांवर अशी नावे असतात, तिथे ही बारीकसारीक बाब नव्हे.

पैसे लागतात ते या घडवण्याच्या कष्टाचे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आपल्या गोव्यात आला. तरी १६१६ साली रायतूरला छापलेले फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण रोमन लिपीतच निघाले. इथल्या लिपीसाठी सहाशेच्या आसपास साचे ओतावे लागतील, युरोपात चोवीस पुरतात, ही अडचण त्यांनी १६०८ च्या पत्रात मांडली होती. शिशाचे खिळे गेले, तरी जोडाक्षरे तेवढीच राहिली, आणि प्रत्येकाचे पोट, दंड आणि शिरोरेषेशी होणारी गाठ अजून कोणाला तरी डोळ्यांनी पारखावी लागते.

पैसे खरोखरच नसतील तर मुंबईच्या एक टाइपने घडवलेला, खुल्या परवान्याचा ‘मुक्त’ मी आनंदाने लावून देतो. फॉन्ट कुठलाही असो, आता पहिल्या प्रुफाच्या माथ्यावर मी एक ओळ टाकतो: ‘दर्या, दऱ्या, आचाऱ्यांचे, शीतल, ॲग्नेलो’. ती छापखान्याच्या यंत्रावरून कागदावर नीट उतरली, की मगच पुढची पाने पाठवतो.