रॅपवाल्यांची फरदड

जानेवारीच्या सुरुवातीची गोष्ट. शेताच्या धुऱ्यावर बसून कापसाच्या पऱ्हाटीकडे बघत होतो अन् ठरतच नव्हतं, उपटून फेकावी का अजून एक पाणी द्यावं. तीन वेचे होऊन गेले होते, झाडावर कुठं कुठं हिरवी बोंडं लोंबत होती, विहिरीत पाणी होतं, आणि विहिरीत पाणी असलं की शेतकऱ्याची नियत फिरतेच. तेवढ्यात पुतण्या आला, एक इयरफोन कानात, दुसरा छातीवर लोंबतोय. म्हणे, "काका, रॅपचा नवीन अल्बम आला ना बावा, बावीस गाणे हायेत." मी म्हटलं, चांगले हायेत का? "आयकून रायलो ना अजून, सहाव्यावर हाओ." दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, कसा होता बे अल्बम, तर तो माझ्याकडे बघत राहिला अन् म्हणाला, "कोणता?"

झालं. बावीस गाणी अन् चोवीस तास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फरदड म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर पऱ्हाटी न काढता तिला पुन्हा पाणी न् खत देऊन ओढूनताणून घेतलेलं जास्तीचं पीक. पीक कसलं, झाडाचा निचरा. बोंड बारीक येतं, धागा आखूड अन् कमजोर, निम्मी कवडीच, म्हणजे किडका कापूस, निघते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुलाबी बोंडअळीला बारा महिने खायला मिळतं. २०१७ ला आमच्याकडे बोंडअळीनं जे केलं ते ज्यानं पाहिलं तो विसरणार नाही, बोंड वरून हिरवंगार, धडधाकट, अन् फोडलं की आत गुलाबी किडा आरामात पसरलेला. तेव्हापासून दरवर्षी कृषी विभागाचे लोक सांगतात, अकोल्याचं विद्यापीठ सांगतं, नागपूरची कापूस संशोधन संस्था सांगते की फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. आम्ही मान हलवतो. मग विहिरीत वाकून पाहतो.

त्या दिवशी धुऱ्यावर बसल्या बसल्या डोक्यात आलं की हे रॅपवाले पण फरदडच घेऊन राहिले. ड्रेक नावाच्या रॅपवाल्याचंच घ्या. २०१८ ला २५ गाण्यांचा अल्बम, २०२१ ला २१ गाण्यांचा, २०२२ मध्ये एकाच वर्षात दोन अल्बम, अन् ऑक्टोबर २०२३ ला परत २३ गाण्यांचा 'फॉर ऑल द डॉग्ज'. बरं तो येऊन सहा आठवडे होत नाहीत तर त्यालाच अजून सहा गाणी जोडून परत बाजारात. मिगोस नावाचा रॅपवाल्यांचा एक कंपू, त्यांचा पहिला 'कल्चर' १३ गाण्यांचा होता, जानेवारी २०१७, त्याची नशा उतरायच्या आत वर्षभरात दुसरा आला तो २४ गाण्यांचा. दुसऱ्यातली किती गाणी आठवतात सांगा. मला तीन, अन् त्यातल्या एकाची फक्त बीट. हे डिलक्स एडिशन नावाचं जे प्रकरण आहे ना, त्याला मराठीत फरदड हाच शब्द आहे, शब्दकोशवाल्यांनी खुशाल घ्यावा. आता खरं सांगायचं तर ड्रेकनं मागून जोडलेली ती सहा गाणी मूळ तेवीसांपेक्षा बरी होती, म्हणजे माझी उपमा तिथं लंगडी पडते, पण पडू द्या, एवढ्या गाण्यांत माणूस एकदोनदा सुधारणारच.

पण शिव्या देताना हात थोडा आखडतो. कारण हिशोब पाहिला तर त्यांचं पण चुकत नाही. आमच्याकडे वेचणी किलोवर असते. वेचणाऱ्या बाईनं स्वच्छ कापूस वेचला काय अन् पालापाचोळ्यासकट वेचला काय, काट्यावर वजन भरलं पाहिजे, म्हणून कितीही सांगा ओटीत थोडा कचरा येतोच, अन् त्यात तिला काय बोलणार, तिला संध्याकाळी घरी तेल-मीठ न्यायचं आहे. गाण्याचा बाजार पण तसाच किलोवर गेला. गाणी ऐकायच्या स्पॉटिफाय ॲपवर ३० सेकंद वाजलं की एक ऐकणं मोजतात. अमेरिकेत गाण्यांची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्डनं २०१४ ला हिशोब सुरू केला, तेव्हा १५०० वेळा गाणी ऐकली गेली म्हणजे एक अल्बम विकला गेला असं धरायचे. आता तुम्हीच सांगा, दहा गाण्यांच्या अल्बममागे माणूस एकदा ऐकून दहाच देणार, पंचवीसवाला पंचवीस देतो. मग कोण घालणार दहा? अन् गाणं ३० सेकंदावर मोजलं जातं म्हटल्यावर सुरुवातीलाच हूक, म्हणजे कानात अडकणारी ओळ, लांबलचक इंट्रो बंद, दुसरा व्हर्स, म्हणजे दुसरं कडवं, असला तर असला. काट्यावरच पैसे आहेत तर ओटी भरणार नाही तर काय करणार माणूस.

माझी रॅपशी ओळख झाली ती मात्र एकदम उलट, दुष्काळातून. २०१० च्या आसपास आमच्या आठवडी बाजारात मोबाईल रिपेअरिंगचं एक दुकान होतं, तिथं वीस रुपयात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दोन जीबीचं कार्ड. काय भरायचं ते दुकानवाला ठरवायचा, आपण फक्त म्हणायचं की नवीन टाक बे चांगले चांगले. एकदा त्यानं भीमगीतं, नव्या पिक्चरची गाणी न् भारुडं टाकता टाकता चुकून 'इंग्लिश मिक्स' नावाचं एक फोल्डर ढकललं, त्यात नऊ गाणी होती, नावं पण धड नव्हती, 'ट्रॅक झिरो वन', 'ट्रॅक झिरो फोर' असं, मधले दोन-तीन ट्रॅक गायबच. नंतर अमरावतीला कॉलेजात गेल्यावर कळलं की त्यात एमिनेम होता, फिफ्टी सेंट होता, लिल वेन होता, सगळे अमेरिकेतले रॅपवाले. तेव्हा आपल्याला काय, कोणीतरी लय रागात काहीतरी सांगून राहिला एवढं समजायचं. शेतातली लाईन तेव्हाही रात्रीचीच असायची. रात्री बारा-एकला मोटर सुरू करायची, गव्हाला पाणी धरायचं, वरच्या खिशात फोन, स्पीकर फुल्ल. एक तर झोप येत नव्हती, दुसरं म्हणजे रानडुकरं लांब राहायची. त्या डुकरांनी एमिनेम जितका ऐकला असेल तितका अमेरिकेतल्या पोरांनी पण ऐकला नसेल.

पुढच्या बाजारापर्यंत ती नऊच गाणी. अन् पुढच्या बाजारी पैसे नसले, किंवा पाऊस आला, किंवा दुकान बंद असलं, की परत तीच नऊ. ट्रॅक झिरो फोर मी दोन महिने ऐकला, शब्द सगळे चुकीचे पाठ केले, आपल्या कानाला जे लागलं ते, अर्धं वऱ्हाडी अर्धं काहीच नाही, अन् आजही ते गाणं लागलं की माझ्या तोंडून ते चुकीचेच शब्द येतात. मग २०१६ ला जिओ आलं, जगातलं सगळं गाणं खिशात आलं, मेमरी कार्डवाला आता रिचार्ज न् स्क्रीनगार्ड विकतो. तक्रार नाही. पण त्यानंतर एकाही गाण्याचे शब्द मला चुकीचे पाठ नाहीत. बरोबर पण पाठ नाहीत.

वाट पाहायला लावणारा एकच गडी उरला असं वाटायचं, तो केंड्रिक लमार. एप्रिल २०१७ ला त्याचा 'डॅम' आला, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं, रॅपवाल्याला पहिल्यांदाच, अन् मग हा बाबा अल्बमच्या बाबतीत गप. मधल्या एका पिक्चरची गाणी सोडली तर पाच वर्षं स्वतःचा अल्बम नाही. त्या पाच वर्षांत आमच्याकडे बोंडअळी येऊन गेली, कोरोना येऊन गेला, माझं लग्न झालं, पोरगी चालायला लागली, बोर आटला, दुसरा मारला तो पण आटला. मे २०२२ ला नवीन अल्बम आला तेव्हा मी खरीपाचं बियाणं आणायला निघालो होतो, गाडी बाजूला लावून निंबाखाली बसून अख्खा ऐकला, ऊन डोक्यावर. एवढा आवडला का? नाही, खरं म्हणजे अर्धा डोक्यावरून गेला. पण स्किप एकही केलं नाही. पाच वर्षं थांबलेला माणूस स्किप करत नाही, त्याला आपल्या पाच वर्षांची लाज वाटते. अन् मग २०२४ च्या नोव्हेंबरात, ऐन वेचणीत, कोणाला न सांगता त्यानं एकदम १२ गाणी टाकली, पाऊण तासाच्या आतबाहेर. ना पोस्टर ना तारीख. बारा गाणी म्हणजे बैलगाडीतून येऊन जाण्याएवढं काम.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादही करतात. आई शेतात जाऊन पूजा मांडते, पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवते, मग बायका ओटी बांधतात. पहिल्याच वेच्याला. दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही, अन् फरदडीला दहीभात दाखवलेला तर मी अख्ख्या पंचक्रोशीत पाहिला नाही.

आता कोणी म्हणेल की कमी काढलं म्हणजे चांगलंच निघतं असं थोडीच आहे. नाहीच आहे. जमीन जमिनीत फरक असतो. लिल वेननं मिक्सटेपवर मिक्सटेप, म्हणजे अल्बमबाहेरच्या गाण्यांचे गठ्ठे, फुकट वाटल्या, अन् तरी २००८ ला त्याचा 'कार्टर थ्री' पहिल्याच आठवड्यात दहा लाखांच्या वर विकला गेला. नास नावाच्या रॅपवाल्याचं तर अजूनच वेगळं, १९९४ ला 'इलमॅटिक' काढला, दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत, आजही लोक त्याचं नाव घेऊन कानाला हात लावतात, पण ग्रॅमी मिळाला तो २०२१ ला, अन् २०२० ते २०२३ ह्या काळात ह्या पन्नाशीच्या माणसानं सहा अल्बम काढले, अन् बहुतेक चांगले. काळी कसदार जमीन, कितीही पिकवा. उलट डॉ. ड्रेचा 'डिटॉक्स' घ्या. त्याचा आधीचा अल्बम १९९९ चा, मग हा डिटॉक्स येतो येतो म्हणत लोकांचे केस पांढरे झाले, शेवटी २०१५ ला त्यानं भलताच अल्बम काढला अन् डिटॉक्स राहिलाच. संत्र्याच्या झाडाला बहार धरायला ताण देतात, पाणी तोडतात, तसाच ताण तो, पण इतका दिला की झाडच वाळलं. म्हणजे थांबण्यात पण अक्कल लागते.

आमचा पुतण्या स्वतः पण रॅप करतो हे सांगायचं राहिलं. अमरावतीचा रॅपवाला हंड्रेड आरबीएच टीव्हीवरच्या एमटीव्ही हसल ह्या रॅपच्या स्पर्धेत दिसला तेव्हापासून गावोगावच्या पोरांना कळलं की आपल्या भाषेत पण हे चालतं, लाजायचं काम नाही. आमचा पुतण्या फोनवर एक दिवसाआड एक गाणं टाकतो. मी म्हटलं कायले एवढी घाई बे, तर म्हणे, "काका, दोन दिवस नाही टाकलं ना तं तो फोन आपल्याले विसरते." म्हणजे त्याच्या डोक्यावर पण कोणीतरी काटा घेऊन बसलेलंच आहे. परवा अंगणात बसून आजीला नवीन गाणं ऐकवलं. आजीनं तूर निवडता निवडता शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं अन् म्हणाली, "लेका, हे तं कालचंच हाये ना?" पोराचं तोंड पाहण्यासारखं झालं. "नाही वं आजी, नवीन हाये!" आजीनं वरून अजून एक टाकलं, "असंन बाप्पा, मले तं कालचंच वाटते."

त्यानंतर आठ-दहा दिवस त्यानं काहीच टाकलं नाही. विचारलं तर म्हणे, एक लिवून रायलो, आजीवर हाये, पण अजून झालं नाही. ऐकव म्हटलं, तर नाही म्हणे.

पऱ्हाटीला शेवटी मी पाणी दिलंच. बोलू नका काही, सावकाराचं व्याज तुम्ही भरत नाही. लाईन रात्रीचीच होती, एक वाजता मोटर सुरू केली, मी ह्या टोकाला, पुतण्या फावडं घेऊन त्या टोकाला. थंडी मरणाची. मोटरच्या आवाजात मधूनच तिकडून त्याचा आवाज येत होता, एकच ओळ, परत तीच ओळ, मधला एखादा शब्द बदलून परत तीच. शब्द नीट लागत नव्हते, काहीतरी तुरीचं होतं, आजीच्या हाताचं होतं. मी दांडावरून हळूच त्याच्याकडे सरकलो अन् बॅटरी पाडली, तर गडी एकदम चुप. "काय नाही काका, पाणी पाह्यतो."

मी बॅटरी बंद करून परत माझ्या टोकाला आलो.